जर्मन रग्बीच्या यादीत 45 नावं म्हणजे 45 पगारी प्लेयर नाहीत

ग्रुपवर फिरतंय ना, की रग्बी बुंडेसलीगाच्या (म्हणजे जर्मनीतल्या सगळ्यात वरच्या रग्बी लीगच्या) एकेका टीमकडे 40-45 प्लेयर आहेत आणि सगळे विकत घेतलेले परदेशी, तर तसं काही नाहीये. ती यादी अख्ख्या सीझनची असते, एखादा पोरगा दहा मिनिटं बदली म्हणून उतरला तरी त्याचं नाव त्यात येतं. मॅचला मैदानात 15 आणि बाकावर जास्तीत जास्त 8, झाले 23. त्यातही गंमत अशी की 23 पैकी किमान 6 जण स्क्रमच्या (दोन्ही टीमचे आठ-आठ जण वाकून, खांदे भिडवून एकमेकांना ढकलतात, त्याच्या) पहिल्या रांगेत खेळू शकणारे लागतात, कारण तिथे न शिकलेला माणूस घातला तर मान मोडायची भीती, मग पंच स्क्रममध्ये ढकलाढकलीच बंद करतात. म्हणून प्रॉप-हुकर, म्हणजे या पहिल्या रांगेतल्या लोकांचीच भरती जास्त दिसते.

आणि पगाराचं म्हणाल तर हायडेलबर्ग शहराच्या टीम काय, हॅनोवरच्या काय, बहुतेक जण नोकरी-कॉलेज सांभाळूनच खेळतात. नावापुढचा झेंडा बघून तर काहीच ठरवू नका राव, आजी-आजोबांपैकी एक जण जरी जर्मनीत जन्मलेला असला तरी साउथ आफ्रिकेत वाढलेला पोरगा जर्मनीकडून खेळू शकतो.