बत्तीस हजारांचा कान

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या होमपॉड चाललाय. लातूरच्या माझ्या चुलतभावानं, मेडिकलचं दुकान आहे त्याचं, नवीन घर बांधलंय, हॉलमध्ये पीओपी-बिओपी सगळं झालं, आणि आता त्याला तिथं ॲपलचा तो मोठा, बोललेलं ऐकून काम करणारा स्पीकर पाहिजे. "ताई, दिवाळीला येताना आणतीस का? तिकडं स्वस्त असंल." स्वस्त कुठला बाबा. दुसऱ्या पिढीचा होमपॉड 2023 ला भारतात आला तेव्हा 32,900 रुपये आणि इथं जर्मनीत 349 युरो. युरोचा भाव बघितला तर इथून आणण्यात काही शहाणपण नाही. झालं, मी एवढं लिहिलं आणि ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्या.

काका, रिटायर्ड झेडपी मास्तर, त्यांनी आधी हिशोब मांडला. बत्तीस हजार नऊशेचं सोयाबीन किती होतं ते काढा म्हणाले. 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये क्विंटल, म्हणजे सहा क्विंटलच्या वर, आणि तेही हमीभाव खरंच हातात पडला तर, आडतीवर काय मिळतं ते लातूरकरांना मी काय सांगणार. भाच्याचं दुखणं वेगळं, "आत्या, ते सगळं ऐकतंय. आम्ही घरात मोटरीचं बोललो आन् लगेच मोबाईलवर मोटरीची जाहिरात!" त्यावर काकाच परत, "ऐकू दे की. आपल्या घरात चोरून ऐकण्यासारखं हाय काय? बोअरला पाणी किती आन् कुणाच्या पोरीचं कुठं जमलं, ह्येच ना?"

पैशाचं आधी उरकते. आवाज एक नंबर आहे, यात वाद नाही, दुकानात ऐकलाय मी. पण हा डबा चालू करायलाच आयफोन नाहीतर आयपॅड लागतो. ब्लूटूथनं अँड्रॉइडवरून त्यावर गाणं लावता येत नाही, वायर लावायला भोक नाही, बॅटरी नाही. म्हणजे भावाचा आयफोन घेऊन भाऊ दुकानात गेला की वहिनीनं स्वतःच्या मोबाईलवरून भजन लावायचं म्हणलं तरी पंचाईत. वर त्यातली जी बोलणारी मदतनीस, सिरी, तिच्याशी निव्वळ मराठीत बोलणं जमत नाही. ॲमेझॉनच्या स्पीकरमधल्या अलेक्साला 2019 पासून हिंदी येते, मराठी तिलाही नाही, त्यामुळं आमच्या घरात त्या डब्याशी जे काही बोललं जाणार ते सगळं शाळेतल्या हिंदी-इंग्रजीत, "आज का मौसम कैसा है". आणि लाईट गेली की मौसमही गेला, राउटर आणि डबा दोन्ही इन्व्हर्टरवर असतील तर गोष्ट वेगळी. गाण्यासाठीच पाहिजे असंल तर चार-पाच हजाराचा साधा ब्लूटूथ स्पीकर घे, अंगणात ने, शेतात ने, हे मी त्याला स्पष्ट लिहिलं. त्यानं अंगठा टाकला, म्हणजे ऐकणार नाही.

आता ते ऐकण्याचं. भाच्याची मोटरीची गोष्ट मला पटत नाही. मोटरीची जाहिरात यायला मायक्रोफोन लागतच नाही, घरात कुणीतरी यूट्यूबवर मोटरीचे व्हिडिओ बघितलेले असतात, कुणी भाव शोधलेला असतो, वायफाय सगळ्यांचं एकच, तेवढं त्यांना बास होतं. स्पीकरचं काम असं आहे की तो आपलं नाव, म्हणजे अलेक्सा किंवा सिरी, हे स्वतःच्या पोटातच ओळखतो आणि ते ऐकू आलं की पुढचं बोलणं सर्व्हरकडं जाऊ शकतं. घोळ होतो तो नाव नसताना नाव ऐकू आल्यासारखं झालं की. 2019 ला एकापाठोपाठ एक बाहेर आलं, ॲमेझॉन, गुगल, ॲपल तिघांचंही, की यातले काही तुकडे माणसं कानाला हेडफोन लावून ऐकत होती, मशिन सुधारायला म्हणून, आणि त्यात चुकून रेकॉर्ड झालेलं घरगुती बोलणंही होतं. ॲपलनं तेव्हा ते थांबवून माफी मागितली आणि पुढं परवानगी दिली तरच ऐकू असं केलं. त्यामुळं महागाचे पैसे टाकले की थोडा जास्त खासगीपणा राहतो म्हणणाऱ्यांचं अगदीच चूक नाही. स्वस्त डबा स्वस्त का असतो तेही बघा, ॲमेझॉनच्या या सगळ्या उपकरणांच्या धंद्यात 2017 ते 2021 या काळात 25 अब्ज डॉलरच्या वर तोटा झाला असं वॉल स्ट्रीट जर्नलनं 2024 मध्ये छापलं होतं. एवढा तोटा कुणी धर्मादाय म्हणून सोसत नाही. पण महाग म्हणजे सोवळं असंही नाही, सिरी चोरून ऐकते म्हणून झालेल्या खटल्यात ॲपलनं 2025 ला साडेनऊ कोटी डॉलर द्यायची तयारी दाखवलीच की, चूक मान्य न करता. आणि कंपनीचं सेटिंग हे कंपनीचंच असतं. अमेरिकेत एकोच्या, म्हणजे अलेक्साच्या स्पीकरच्या, काही मॉडेलवर "रेकॉर्डिंग पाठवू नको" असा पर्याय होता, तो 28 मार्च 2025 पासून काढून टाकला.

इथले लोक या बाबतीत लई कडक, असं आपल्याकडं बोलतात. अर्धं खरं आहे. 2010 ला गुगलचं स्ट्रीट व्ह्यू, म्हणजे नकाशात रस्त्यावरच्या घरांचे फोटो दाखवणारं, इथं चालू होणार होतं तेव्हा जर्मनीतल्या दोन लाख चव्वेचाळीस हजार घरांनी आमचं घर धुरकट करा म्हणून अर्ज केले, घर, नुसती भिंत आणि खिडकी! 1983 मध्ये जनगणनेच्या वादात इथल्या घटनात्मक कोर्टानं माझी माहिती कुठं जाईल ते मी ठरवणार हा हक्कच मांडला. आपल्याकडं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणाला मूलभूत हक्क म्हणलं ते 2017 ला. आणि त्याच 2017 ला जर्मनीनं कायला नावाची एक बोलकी बाहुली बंद केली, पोरांचं बोलणं बाहेर पाठवू शकणारं लपवलेलं यंत्र म्हणून, आईबापांना सांगितलं ती नष्ट करा. एवढं सगळं असून अलेक्सा इथं धडाधड खपते. कारण ती लपलेली नाही, टेबलावर उघड बसलेली असते, एवढाच काय तो फरक.

इथला एक किस्सा मात्र मी ग्रुपवर मुद्दाम टाकला. 2018 ला एका जर्मन माणसानं ॲमेझॉनला कायद्यानं विचारलं, माझी काय माहिती तुमच्याकडं आहे ती द्या. त्याच्याकडं अलेक्सा नव्हतीच, तरी त्याला आवाजाच्या सतराशेच्या आसपास फाईली आल्या, दुसऱ्याच कुणाच्या तरी. त्यानं त्या एका कॉम्प्युटर मासिकाला दिल्या. हवामान कुठलं विचारलं, गजर कितीचा, नावं कुणाची घेतली, अंघोळ करताना काय लावायला सांगितलं, एवढ्यावरून त्या मासिकानं तो माणूस शोधून काढला. म्हणजे "चोरून ऐकण्यासारखं हाय काय" याचं उत्तर काकांना मिळालं. एकेक वाक्य बिनकामाचं, पण सतराशे वाक्यं एकत्र ठेवली की अख्खा माणूस उभा राहतो. काका म्हणाले, "पन त्यो एकटा राहत असंल." आता यावर काय बोलावं.

खरं तर काका काय म्हणतात ते मला कळतं. आपल्याकडं घर म्हणजे दार उघडंच. शेजारची काकू विचारल्याशिवाय स्वयंपाकघरात येते, कुणाच्या घरी काय शिजलं ते गल्लीला माहीत. इथं शेजारी तीन वर्षं "गुटेन मॉर्गन"च्या पुढं जात नाही, आणि रात्री दहानंतर आवाज झाला तर खाली चिठ्ठी लागते. या माणसांचं घर बंद असतं म्हणून त्यांना कानाची भीती, असं सोपं गणित मांडता येतं. मला ते गणित अर्धवट वाटतं. उघड्या घरातसुद्धा कुणासमोर काय बोलायचं ते माणसं ठरवतातच. काकू आली की आवाज बदलतो, विषय बदलतो, कारण काकू दिसते.

आणि इथंच मला आम्हा परदेशातल्या मंडळींवर बोलायचंय, कारण आमच्या या ग्रुपवर सगळे कंपन्यांना शिव्या देतात आणि घरातला दुसरा कान कुणाला दिसत नाही. इथं माझ्या ओळखीचा एक जण आहे, परभणीचा. गावाकडं आई-वडील दोघंच, वडलांना अर्धांगवायू होऊन गेलेला. यानं मागच्या सुट्टीत स्क्रीनवाला एको नेऊन टीव्हीच्या शोकेसवर बसवला आणि ड्रॉप इन चालू करून ठेवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ड्रॉप इन म्हणजे फोन नाही, समोरच्यानं उचलायचं नसतं. एकदा परवानगी दिलेली असली की इथून बटण दाबलं, तिकडं एक आवाज होतो, हिरवी लाईट लागते आणि तू थेट हॉलमध्ये. चित्र सुरुवातीला थोडा वेळ धुरकट असतं, मग साफ. हा दिवसातून केव्हाही जातो. जेवताना, मीटिंग संपली की, ट्रेनमध्ये बसून.

मी मागं परभणीला गेले होते तेव्हा त्यांच्या घरी गेले, चिवडा-चहा झाला, आणि मावशी, म्हणजे त्याची आई, मला म्हणल्या, "चल माय, वर गच्चीवर बसू." ऊन कडक, मी म्हणलं इथंच बरंय की पंख्याखाली. तर त्यांनी डोळ्यानंच शोकेसकडं दाखवलं. त्या डब्यावर त्यांनी हातरुमाल टाकलेला होता, विणलेली कड असलेला, वरून बघितलं तर धूळ बसू नये म्हणून टाकलाय असंच वाटावं. सुनेबद्दल, जमिनीच्या वाटणीबद्दल, जावयाबद्दल जे काय बोलायचं ते आता गच्चीवर. "पोरगं काळजीनं बघतंय, त्याला बंद कर कसं म्हणू?" रुमालानं चित्र जातं, आवाज थोडाच जातो, हे मी त्यांना सांगितलं नाही आणि मग सांगितलं.

यावर कायदा काही करत नाही. युरोपचा जीडीपीआर असो की आपला 2023 चा डेटा संरक्षण कायदा, ज्याचे नियम 2025 च्या नोव्हेंबरात निघाले, दोन्हीत माणसानं स्वतःच्या घरगुती कामासाठी केलेल्या गोष्टी बाहेर ठेवल्यात. ॲमेझॉनला दंड होतो, अमेरिकेत 2023 ला पोरांची रेकॉर्डिंग ठेवल्याबद्दल अडीच कोटी डॉलर झाला, पण लेकानं आईचं बोलणं ऐकलं तर डेटाचा कायदा मधे येत नाही. आणि सर्व्हरवर कुणी अनोळखी माणूस मावशींची जावयाची तक्रार ऐकेल, त्याला मराठी कळायची शक्यता कमीच. लेकाला अक्षर अन् अक्षर कळतं.

परत आल्यावर मी त्याच्याशी बोलले, तर तो चिडला. "आणि बाबा बाथरूमपाशी पडले तर?" हा प्रश्न खोटा नाही, म्हणून मी त्याला डबा काढून टाक असं म्हणलं नाही. पडलेल्या माणसाला मोबाईल शोधता येत नाही, नुसत्या आवाजानं लेकाला किंवा शेजारच्याला अलेक्साच्या ॲपवर कॉल लागणं ही माझ्या मते या यंत्राची एकमेव गोष्ट जिच्यासाठी पैसे द्यावेत, आणि त्याला बत्तीस हजार लागत नाहीत, सगळ्यात छोटा एकोही ते करतो. पण ते झालं तिकडून इकडं. इकडून तिकडं विचारल्याशिवाय शिरायची गरज त्यात कुठंच नाही. ॲपमध्ये ड्रॉप इन बंद करायचं, कॉल चालू ठेवायचा, आणि तो मायक्रोफोन बंद करायचं बटण असतं ना वरचं, दाबलं की लाल लाईट लागते, ते आईला हातानं दाखवायचं, की हे तुझं आहे, पाहिजे तेव्हा दाब, मला राग येणार नाही. लाल लाईट असली की हाक मारूनही फोन लागत नाही, हेही सांगायचं, मग त्या वेळेपुरती जबाबदारी त्यांची त्या बघतील, मोठी माणसं आहेत. त्यानं कॉलचं केलंय म्हणे. ड्रॉप इनचं विचारलं तर म्हणला, बघतो.