लेकींना घेऊन मुक्कामाला चला

मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की आपल्याकडे तिचं घराबाहेर मुक्कामाला जाणं हळूहळू बंद होतं. तोंडावर नाही कुणी म्हणत नाही. "यंदा क्लास आहेत", "आता मोठी झालीस", "पुढच्या वर्षी बघू" असं करत करत वर्षं जातात. त्याच वयात तिचा भाऊ मित्रांबरोबर हरिश्चंद्रगडावर जातो, रात्री गुहेत झोपतो, आणि घरी आला की आजी त्याची दृष्ट काढते. मला याचा मनापासून राग येतो. म्हणून आम्ही नाशिकचे काही बाप दर हिवाळ्यात आपापल्या लेकींना घेऊन बारीला, कळसूबाईच्या पायथ्याशी, तंबू ठोकून राहतो. हल्ली बरेच जण त्याबद्दल विचारतात. फोनवर दोन वाक्यांत सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

बारीच का? घोटीवरून जवळ पडतं हे आहेच, आणि महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर, पायथ्यापासून माथ्यापर्यंत पायी चढून जायचं याचं मुलींना अप्रूप असतं. पण माझ्यासाठी खरं कारण त्या डोंगराची गोष्ट आहे. कळसू नावाची मुलगी इंदोऱ्याच्या पाटलाकडे कामाला राहिली. राहतानाच तिने बजावलं होतं, बाकी सांगाल ते काम करीन, पण भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. एकदा तिला तेच करायला लावलं. तिने ते केलं आणि सरळ डोंगराची वाट धरली, ती परत खाली आलीच नाही. जिथे भांडी घासली तो थाळेमेळ, केर काढला तो काळदरा, अशी ठिकाणांची नावंही सांगतात. माथ्यावर तिचं देऊळ आहे, नवरात्रात जत्रा भरते.

हिरकणीची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलीय. रायगडाचा कडा रात्री उतरलेली बाई, आणि ती उतरली घरी राहिलेल्या तान्ह्या बाळासाठी. तिच्या धाडसाला माझा नमस्कारच आहे. पण मला नेहमी वाटतं, आपल्याकडे बाईला कड्यावर जायचं तर कारण लागतं. लेकरू, नवस, पाणी, सरपण. हौस हे कारण चालत नाही. कळसू मात्र स्वतःच्या मनाने वर गेली आणि लोकांनी तिला देवी केलं. चढताना मी मुलींना ही गोष्ट दरवर्षी सांगतो. पाठ झालीय त्यांना, तरी सांगतो.

आता मुख्य मुद्दा. एकट्या बापाने एकट्या लेकीला नेणं चांगलंच, पण घोळक्याने जाण्यात जे होतं ते त्यात होत नाही. एकटा बाप मुलीला सांभाळतो. पाच-सात बाप आणि आठ-दहा मुली एकत्र आल्या की मुली एकमेकींना सांभाळायला लागतात आणि बापांना थोडं मागे सरावं लागतं. हे मागे सरणं फार मोलाचं आहे.

एक प्रसंग सांगतो. कळसूबाईच्या वाटेवर कातळटप्प्यांना लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. गेल्या खेपेला एक दहा वर्षांची मुलगी शिडीच्या मधोमध थांबली. खाली बघितलं आणि हातपाय गारठल्यासारखे झाले. तिचे बाबा तिच्या बरोबर खाली दोन पायऱ्यांवर उभे होते. ते म्हणाले, "थांब, मी आलो, धरतो तुला." ते ऐकून ती रडायलाच लागली. बाबा धरायला येतायत म्हणजे पडण्यासारखं काहीतरी नक्की आहे, हे तिला कळलं. तेवढ्यात वर पोचलेली एक तेरा वर्षांची ताई कठड्याला धरून खाली वाकली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "माझ्याकडे बघ. तीन जागा घट्ट, एकच जागा हलवायची. आधी उजवा हात. आता डावा पाय. आता थांब, श्वास घे." एकेक करत ती मुलगी वर आली. बाबा मागोमाग चढले, पण त्यांनी तिला हात लावला नाही. वर आल्यावर ती पहिल्यांदा ताईला बिलगली, मग बाबांना. त्या बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला ते अगदी बरोबर वाटलं. तो शहाणपणा त्या तेरा वर्षांच्या मुलीकडे कुठून आला? दोन-तीन वर्षांपूर्वी तिलाही कुणीतरी वरून असंच सांगितलं होतं.

आमच्या मुक्कामाचा एक नियम आहे आणि तो मोडलेला मला चालत नाही. सॅक आईने भरायची नाही. मुलगी स्वतः यादी करते, स्वतः भरते, बाबांनी फक्त तपासायची. आईला सुट्टी मिळावी म्हणून एवढाच हेतू नाही. लेकीच्या अंगावर कशाने पुरळ येतं, गाडी लागू नये म्हणून कुठली गोळी द्यायची, वेणी कशी घालायची, ही माहिती बहुतेक घरांत एकट्या आईकडे असते. मुक्कामाला ती बापाकडे यावी लागते. सकाळी सहाला, थंडीत, चुलीपाशी ओळीने बसून लेकींच्या वेण्या घालणारे बाप बघितले की मला फार बरं वाटतं. त्यातले एक काका आता खजुरी वेणी उत्तम घालतात, दुसऱ्यांच्या मुलीही त्यांच्याकडे जातात.

आणि पाळी. यावर मी मुद्दाम स्पष्ट लिहितो, कारण मुलींचं बाहेर जाणं बंद होण्यामागे बरेचदा हेच असतं, फक्त कुणी बोलत नाही. निघायच्या आधी बाप आणि मुली एकत्र बसतात तेव्हा हे सगळ्यांसमोर, नेहमीच्या आवाजात सांगितलं जातं. प्रत्येक बापाच्या सॅकमध्ये पॅडचं पाकीट, कागदी पिशव्या आणि जाड झिपची पिशवी असते. मुलगी लहान असली तरी असते, कारण दुसऱ्या कुणाला लागू शकतं. वापरलेलं पॅड जमिनीत गाडायचं नाही, चुलीत टाकायचं नाही. गाडलेलं कुत्री उकरून काढतात आणि जाळलं तर प्लॅस्टिकचा धूर होतो. कागदात गुंडाळून, पिशवीत बंद करून घरी परत आणायचं. शौचाला जायचं तर ओढ्यापासून, विहिरीपासून निदान साठ-सत्तर पावलं लांब, खुरप्याने वीतभर खड्डा करायचा, नंतर माती लोटायची. पोट दुखत असेल तर चढायचं नाही, खाली तंबूत थांबायचं, सोबत एक बाप आणि एक मैत्रीण थांबते. त्यात कमीपणा नाही. एकदा एका मुलीची पहिली पाळी बारीलाच आली. तिने येऊन बाबांना सांगितलं, बाबांनी पाकीट दिलं, गरम पाणी दिलं, आणि दोन मोठ्या मुली तिला बाजूला घेऊन गेल्या. तासाभराने ती चुलीपाशी भाकरी खात बसली होती. हे एवढं सहज होऊ शकतं हे मला सगळ्या बापांना सांगायचंय.

तंबू मुलीच लावतात. आधी जागा बघायची: ओढ्याच्या कोरड्या पात्रात नाही, वाळक्या फांदीखाली नाही, उतार असेल तर डोकं चढाकडे येईल अशी. मग खडे वेचायचे, दार वाऱ्याच्या उलट बाजूला करायचं, खुंट्या तिरक्या ठोकायच्या. बापांनी चहा घेऊन लांब बसायचं. वाद होतात, दांडी चुकीच्या खोबणीत जाते, सगळं काढून परत लावावं लागतं. अंधार पडायला लागतो तशी बापांची चुळबुळ वाढते, पण उठायचं नाही. बारीला डिसेंबरात पारा दहा अंशांच्या खाली जाऊ शकतो, म्हणून खाली मॅट नीट घातलीय का एवढं रात्री तपासतो. थंडी वरून लागते त्याहून जास्त खालून, जमिनीतून लागते.

जेवण गावातल्या घरी असतं. नागलीची नाहीतर बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा. जागेचे आणि जेवणाचे पैसे त्या घरी आधी ठरवून देतो. त्या घरातली मुलगीही आता आमच्याबरोबर मुक्कामाला असते, तिच्या वडिलांसह. हे सुरुवातीला आमच्या मुलींनीच काढलं. ती रोज डोंगरात जाते, गवताचा भारा आणते, आमच्यापेक्षा दुप्पट वेगाने चढते. पण डोंगरात काम नसताना जायचं, वर बसून नुसतं बघायचं, हे तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. तिचे वडील आधी संकोचत होते. आता वाटेवर तेच पुढे असतात आणि करवंदीची जाळी कुठली, कुठल्या झाडाला रानमांजराने नखं घासलीत, हे दाखवतात. मला विचाराल तर आमच्या मुक्कामातली सर्वांत चांगली गोष्ट हीच.

जमलं तर १३-१४ डिसेंबरच्या आसपासची रात्र धरा. तेव्हा मिथुन राशीतून उल्का पडतात, आणि अमावास्या जवळ असेल तर तासाभरात मुली मोजून दमतात. उल्का नसल्या तरी डिसेंबरचं आकाश भरलेलं असतं. मी दरवेळी तीन गोष्टी दाखवतो. मृगाच्या खालचा व्याध: त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे साडेआठ वर्षं लागतात. आमच्यातली एक धाकटी तेवढीच होती. "म्हणजे मी झाले तेव्हा निघाला?" म्हणून ती जी बघत राहिली, तिला झोपायला न्यायचं कुणाला जमेना. मग रोहिणी, तिचा प्रकाश पासष्ट वर्षांपूर्वीचा, आजोबांच्या वयाचा. आणि कृत्तिका, जवळजवळ साडेचारशे वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश, शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधीचा. शहरातल्या मुलीला असं भरलेलं आकाश गच्चीवरून दिसत नाही.

काळजीचं विचाराल तर ती घ्यायचीच. बूट सकाळी झटकून घालायचे, विंचू असतो. रात्री टॉर्चशिवाय पाऊल टाकायचं नाही. साप चावला तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, हालचाल कमीत कमी ठेवून थेट दवाखाना गाठायचा. जवळचा दवाखाना कुठला आणि तिथे लस आहे का, हे निघायच्या आधी विचारून ठेवायचं. कड्यांवर आग्या मोहोळं असतात, तिथे अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको. आमच्याकडे मुलींना भीती घातली जात नाही, माहिती दिली जाते. दोन्हींत फार फरक आहे.

धरणांच्या काठाला हल्ली ओळीने तंबू लावून स्पीकर लावणारी जी ठिकाणं झालीत, तिथे मात्र लेकींना नेऊ नका. तिथे रात्रीचा आवाज ऐकू येत नाही आणि तारेही दिसत नाहीत. काजव्यांच्या दिवसांत, मेअखेर ते जूनमध्ये, भंडारदऱ्याकडे गाड्यांची रांग लागते, तेही मला पटत नाही. काजवा लुकलुकतो तो जोडीदार शोधायला. हेडलाइट आणि मोबाइलच्या उजेडात त्यांचे इशारेच हरवतात. जायचं तर थोड्या जणांनी, दिवे बंद करून.

"फक्त बापच का? आम्ही का नाही?" असं आयांनी विचारलंय. आयांनी त्यांचा वेगळा गट जरूर करावा, आमच्याकडचे तंबू देऊ. पण आई बरोबर असली की मुलगी सगळं आईलाच विचारते आणि बाप परत पाकीट आणि गाडीची किल्ली यांच्यापुरता उरतो, हे मी बघितलंय. अमेरिकेत वायएमसीए या तरुणांसाठीच्या ख्रिस्ती संस्थेने वडील आणि मुलग्यांसाठी असे गट १९२६ साली सुरू केले, पुढे १९५०च्या दशकात वडील आणि मुलींचेही झाले, तेही नोकरीत अडकलेले बाप मुलांपासून तुटतात या काळजीतूनच. तिथे मूळनिवासी लोकांची नावं आणि पोशाख उसने घेतले होते, त्यावर योग्य टीका झाली आणि पुढे ते बदललं. मूळ काळजी मात्र आजही तशीच आहे, आपल्याकडे तर जास्तच. आणि बाप नसलेल्या मुलींचं काय? आमच्यात एकजण मामाबरोबर येते, एक आजोबांबरोबर. एकीला कुणीच नव्हतं, तर तिची आई आली आणि सगळ्यांत आधी शिखरावर पोचली. मुलगी मागे राहायला नको, एवढंच.

लेक कायम बापाचा हात धरून डोंगरात जावी म्हणून मी हे करत नाही. साताऱ्याच्या प्रियांका मोहितेने २०१३ मध्ये एव्हरेस्ट आणि २०२१ मध्ये अन्नपूर्णा सर केलं. आमच्या मुलींनी तिथवर जावं असा आग्रह नाही. पण अठराव्या वर्षी चार मैत्रिणींनी ठरवून एसटीने पायथ्याचं गाव गाठावं, जागा बघून तंबू लावावा, पाणी कुठलं प्यायचं ते विचारावं, आणि वातावरण बिघडलं तर माथ्याच्या अलीकडून परत फिरण्याचा निर्णय आपला आपण घ्यावा, एवढं त्यांना यायलाच हवं. ते घरात बसून येत नाही.

आमच्यातल्या तीन मोठ्या मुली या जानेवारीत रतनगडाला चालल्यात. बाप कुणी जाणार नाही. गाडी, मुक्काम, जेवणाचं घर, परतीची वेळ त्यांनीच ठरवलीय आणि रतनवाडीत कुणाशी बोलून ठेवायचं तेही. घरच्यांपैकी दोघांना अजून धाकधूक आहे, त्यांच्याशी मुली स्वतःच बोलतायत.

बाकीच्यांचा बारीचा मुक्काम नेहमीप्रमाणे डिसेंबरात आहे. नाशिककडच्या कुणाला यायचं असेल तर मेसेज करा. मुलगी आठ वर्षांची झालेली असावी, चार तास चालायची सवय असावी, आणि निघायच्या आधीच्या बैठकीला बाप आणि लेक दोघांनीही यायचं. दोन तंबू जास्तीचे आहेत, स्लीपिंग बॅगा मात्र आपापल्या आणाव्या लागतील.