टॉवेलच्या गावात गाडी उन्हात वाळवतात!

सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. लांब पोस्टचा कंटाळा असेल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

आमच्या जुळे सोलापुरात आज चार दिवसांनी नळ आला. घरोघरी मोटरी सुरू, बायकोनं पिंपं, घागरी, अगदी वरणाचं पातेलंसुद्धा भरून ठेवलं. आणि साडेआठला समोरच्या चिरंजीवांनी नवीकोरी काळी गाडी भर उन्हात रस्त्यावर काढली, पाईप लावला, पाईप जमिनीवर टाकला आणि फोनवर बोलत उभे राहिले. शंभरेक किलोमीटरवरच्या उजनीतनं आलेलं पाणी गटारीत! नळ गेला तशी साहेबांनी बोअर चालू केली. एकूण अर्धा तास. मी मागे एकदा घड्याळ लावून मोजलंय, असल्या पाईपाखाली पंधरा लिटरची बादली सव्वा मिनिटात भरते. करा हिशोब. चोवीस बादल्या!

न राहवून बोललो. तर म्हणतो कसा, "आमच्या बोअरचं पाणी हाय काका, तुमचं काय जालालंय?"

माझं काय जातंय. बरोबर आहे बाबा.

पण खरा संताप पाण्याचा नाही. पाण्यावर बोलून बोलून आपण सोलापूरकर थकलो. संताप पुढे आला. याच्या हातातला फडका पडला मातीत. उचलला, एकदा झटकला आणि तोच बॉनेटवर फिरवला. माझ्या पोटात गोळा आला, कारण हे पाप मी स्वतः केलंय.

१९९१ चा मे महिना. माझ्या मामाचे अशोक चौकात टॉवेलचे चार माग होते आणि दारात एक सेकंडहँड प्रीमियर पद्मिनी, क्रीम कलरची. रविवारी गाडी धुणं म्हणजे सण. पाणी मात्र दोनच बादल्या, एक साबणाची, एक फडका खळबळायची. आधी टप, मग काचा, मग दारं आणि चाकं सगळ्यात शेवटी, तीही वेगळ्या फडक्यानं. कपड्याची पावडर वापरायची नाही, वॅक्स उतरतं. (समोरच्यानं आज काय टाकलं? कपड्याची पावडर. मुठीनं!) गाडी सावलीत, बॉनेट हाताला गार लागेपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही. आणि पुसायला कारखान्यातला डिफेक्टचा टॉवेल. तोही चांगला तीनचार वेळा धुतलेला, कारण कोरा टॉवेल पाणी पीत नाही, नुसता पसरवतो.

मी अकरा वर्षांचा. टॉवेल हातातनं सुटला, अंगणात पडला. मामा बघत नाहीये असं समजून उचलला आणि दारावर फिरवला. कर्रर्र. तो आवाज अजून कानात आहे.

मामा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. माझ्या हातातनं टॉवेल घेतला, उलटा करून लूप दाखवले आणि बोटानं एक वाळूचा खडा काढला, ज्वारीच्या कणीएवढा. म्हणाला, "टॉवेलच्या मागावर दोन बीम असतात, सूत गुंडाळलेले रूळ. एक ताणलेला, एक सैल. सैल सुताचे हे लूप होतात. पाणी हेच पितात आणि खडाही हेच धरून बसतात." तो टॉवेल त्याच दिवशी फरशी पुसायला गेला. दारावरचे तीन ओरखडे गाडी विकेपर्यंत होते.

आता कुणीतरी येईलच सांगायला की मायक्रोफायबर जास्त पाणी शोषतं. शोषतं. वाळतंही लवकर. घ्या. पण ज्या गावाच्या चादरीला आणि टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, त्या गावात गाडी पुसायला ऑनलाइन कापड मागवायचं? आणि पुसायचंच नसेल तर प्रश्नच मिटला. आमच्या चिरंजीवांनी गाडी तशीच ओली उन्हात सोडली आणि आत गेले नाष्ट्याला.

आणि हो, माती आधी पाण्यानं ओलवून पाडली तर ओरखडे कमी पडतात, तेवढ्यापुरता पाईप बरा. दोन मिनिटं. तीस नव्हे! गाडी धुतलीच नाही तर सगळ्यात जास्त पाणी वाचेल, तेही मान्य. बायको गेली वीस वर्षं हेच म्हणतेय.

दुपारी कचरा टाकायच्या निमित्तानं बाहेर गेलो. निमित्तच होतं, खोटं कशाला बोलू. काळ्या गाडीवर टपापासून डिकीपर्यंत पांढरे ठिपके, चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखे. बोअरच्या जड पाण्यातले क्षार. तापलेल्या पत्र्यावर पाणी उडून जातं, क्षार तिथंच बसतात. मला आनंद झाला. चांगला मोठा आनंद झाला.

मग पोरगं बाहेर आलं. ठिपक्यावरनं बोट फिरवलं, नखानं खरवडलं, शर्टाच्या बाहीनं घासलं. जाईना. पहिली गाडी आहे त्याची, हप्त्यावर घेतलेली. परवाच आईला मागच्या सीटवर बसवून सिद्धेश्वराला नेऊन आणलं होतं, नारळ फोडला होता, पेढे आमच्याकडेही आले होते. तसाच उभा होता तो, मी दारावरच्या ओरखड्यांकडे बघत उभा होतो तसा.

थोडं व्हिनेगर, त्याच्या दुप्पट पाणी, सावलीत गार झालेल्या गाडीवर हलक्या हातानं, मग साध्या पाण्यानं धुऊन लगेच कोरडं पुसायचं. ताजे ठिपके निघतात. व्हिनेगरची बाटली आमच्या ओट्याखाली आहे, जुना टॉवेलही काढून ठेवलाय, शिवणीची कड आत दुमडून.

मागायला आला तर देईन. आधी दोन शब्द ऐकवीन, मग देईन.