"6 महिन्यात डायलिसिस टेक्निशियन" हा मेसेज पुढं ढकलण्याआधी हे वाचा

परवा रात्री अक्काचा फोन आला. पोराला कोर्सला घालायलाव, तुझ्याच लाईनमध्ये यायलंय म्हणून आनंदात सांगत होती, आणि पाठोपाठ तिनं तो मेसेज पाठवला जो महिनाभर सोलापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय: "12वी नापास चालेल! 6 महिन्यात डायलिसिस टेक्निशियन व्हा. मशीन सगळं ऑटोमॅटिक करते. सरकारमान्य सर्टिफिकेट. नोकरी 100 टक्के, पगार 40 हजारापासून, पुढे डायरेक्ट दुबई." फी 60 हजार. दाजी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात, अक्का घरी विड्या वळते, आणि गळ्यातलं गहाण ठेवून सोमवारी पहिला हप्ता भरायचा ठरलेला. मी 11 वर्षं डायलिसिस युनिटमध्ये काम करतोय, हे वाचून डोकंच फिरलं.

मशीन सगळं करते, हे ह्यातलं सगळ्यात घातक वाक्य. पाण्यापासून सांगतो. मशीनमधून मिनिटाला साधारण 500 मिली डायलिसेट, म्हणजे किडनीच्या जागी रक्तातली घाण ओढून घेणारं क्षार मिसळलेलं पाणी, वाहतं, म्हणजे 4 तासाच्या एका डायलिसिसला 120 लिटर, आणि ते पाणी आणि पेशंटचं रक्त यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. आता आपल्या गावचं पाणी बघा, नळाला काही दिवसाआड येतं, उजनीचं, उन्हाळ्यात धरणात हिरवा तवंग, कमी पडलं की टँकर, आणि त्या टँकरमध्ये कुणी किती ब्लिचिंग पावडर टाकली ते कुणाला ठाऊक. क्लोरीन कार्बन फिल्टरमधून निसटून पुढं गेलं तर पेशंटच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. म्हणून पहाटे पहिला पेशंट घ्यायच्या आधी मी आरओ रूममध्ये, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या खोलीत, जातो, कार्बन टँकनंतरचं पाणी छोट्या नळीत घेतो, टेस्टचे थेंब टाकतो आणि उजेडात धरून बघतो, नुसती पिवळी झाक दिसली तरी डायलिसिस सुरू करायचं नाही. मशीन क्षारांचं प्रमाण मोजते, क्लोरीन तिला कळत नाही. 1996 साली ब्राझीलमध्ये कारुआरू गावच्या डायलिसिस सेंटरला टँकरनंच पाणी आलेलं, त्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष होतं, नीट शुद्ध न होता ते पेशंटपर्यंत गेलं आणि 50 हून जास्त माणसं गेली. मशीन तिथंही चालूच होत्या.

आणि पेशंट. पेशंट जांभया द्यायला लागला की समजायचं बीपी पडायलंय, पुढच्या मोजणीची वाट बघायची नाही, लागलीच मशीननं रक्तातलं पाणी काढणं थांबवायचं, पाय वर करायचे, सलाईन सोडायचं, डॉक्टरला हाक मारायची. माझ्या आधीच्या एका ठिकाणी असाच 6 महिन्याचा कागद घेऊन आलेला पोरगा होता, स्वभावानं चांगला, पण प्रेशरचा अलार्म वाजला की तो म्युट करायचा कारण त्याला तेवढंच शिकवलेलं. एका आजोबांची सुई शिरेतून बाहेर आलेली, ह्यानं दोनदा म्युट केलं, मी चादर बाजूला केली तर दंड कोपरापर्यंत टरारून काळानिळा. दीड महिना त्या हाताला सुई लावता आली नाही, मानेत नळी घालावी लागली. त्या पोराला दोष देत नाही मी, दोष त्याच्याकडून पैसे घेऊन त्याला पेशंटजवळ उभं करणाऱ्यांचा.

सरकारमान्य म्हणजे कुठल्या सरकारला मान्य? 2021 मध्ये संसदेनं नॅशनल कमिशन फॉर अलाईड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायदा केला, त्यात आमची लाईन आहे, आणि कमीत कमी शिक्षण म्हणजे 2 ते 4 वर्षांत 2000 तासांचा डिप्लोमा किंवा डिग्री असं स्पष्ट लिहिलंय, शिवाय नोंदणी पाहिजे. 2025 मध्ये केंद्रानं डायलिसिसचा अभ्यासक्रमही जाहीर केला. 6 महिने ह्यात कुठंच बसत नाहीत. भाचा म्हणतो, "मामा, पण होतंय की, लोक कामाला लागलेत की." लागलेत, हे खरं आहे, मान्य करतो. माणसं कमी आहेत, 2016 च्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमानंतर जिल्हा रुग्णालयांमध्ये सेंटरं झाली, आणि आमचे कितीतरी सिनियर काम करत करतच शिकले. छोटे स्किल कोर्सही आहेत, पण उद्या नोंदणीचा कागद मागितला की पहिली गदा ह्याच पोरांवर येणार.

पगाराचं काय सांगू, सोलापुरात नव्या पोराला सुरुवातीला 40 हजार देणारं युनिट मी तरी बघितलेलं नाही. 100 टक्के नोकरी असेल तर कुठल्या हॉस्पिटलात ते लिहून द्या म्हणावं. दुबईला तर लायसन्ससाठी आधी शिक्षण आणि अनुभवच विचारतात.

आमचा भाचा 12वी सायन्स पास आहे, बायोलॉजी घेतलेलं, त्याला ह्या वाटेला जायची गरजच नाही. डायलिसिसची बीएस्सी असते, सरकारी मेडिकल कॉलेजांमध्ये बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची डिग्री, असते, 3 वर्षं आणि वर 1 वर्ष इंटर्नशिप. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या वेबसाईटवर कॉलेजचं नाव आहे का ते बघायचं, आणि प्रॅक्टिकलला कुठलं हॉस्पिटल, तिथं मशीन किती, हे तोंडावर विचारायचं. पुढं इन्चार्ज होता येतं, सरकारी भरतीत बसता येतं, मशीन कंपन्यांमध्ये ट्रेनिंग देणारी माणसं आमच्यातनंच जातात, शिकवायलाही जाता येतं.

सोमवारचा हप्ता थांबवलाय. दाजी अजून नाराज आहेत, जागा जाईल म्हणतात. इन्चार्ज मॅडमना विचारून ठेवलंय, सोमवारी पहाटे साडेपाचला भाचा माझ्यासोबत आरओ रूममध्ये असेल, पाण्यात थेंब तोच टाकेल.