तुमच्या तळमळीबद्दल आभार

आलं उत्तर. रानात, रस्ता सोडून मोटारी चालवायच्या जागांना कॅलिफोर्निया राज्य ग्रँट देतं; तशा एका जागेच्या अर्जातल्या चुका मी लिहून कळवल्या होत्या, त्याचं. पहिली ओळ: तुमच्या तळमळीबद्दल आम्ही आभारी आहोत. शेवटची ओळ: आपली सूचना नोंदवून घेण्यात आली आहे. मधल्या सगळ्या मजकुरात कामाचं वाक्य एकच: अर्जातील छायाचित्रे प्रातिनिधिक स्वरूपाची आहेत.

प्रातिनिधिक!

थांबा, आधी तळमळीचं बघते. मी त्यांना चार पानं लिहून पाठवली होती. कुठल्या उतारावर किती खोल ओघळ पडलेत, गाळ ओढ्यात कुठून उतरतो, कुठल्या पानावरचा दावा कुठल्या पानावरच्या नकाशाशी जुळत नाही. त्यात तळमळ औषधालाही नव्हती, निव्वळ हिशेब होता. पण बाईमाणसानं हिशेब मागितला की त्याची भावना होते, हे तिकडेही तसंच आणि इकडे कॅलिफोर्नियातही तसंच. ‘पॅशन’ म्हणे. माझ्या नवऱ्यानं हेच लिहिलं असतं तर ‘तांत्रिक अभिप्राय’ म्हणाले असते. (नवरा लिहिणार नाही. त्याला पीडीएफ उघडायचा कंटाळा.)

आता तो फोटो. दरवर्षी वसंतात या ओएचव्ही (म्हणजे रस्त्याबाहेर चालवायच्या गाड्यांच्या) ग्रँटांचे अर्ज लोकांसमोर ठेवतात, ते वाचायची खोड असलेले आपण काही मोजकेच वेडे आहोत, त्यामुळे तुम्हाला निराळं सांगायला नको. अर्जात वन्यजीवांच्या अधिवासाचं प्रकरण हवं, मातीचं प्रकरण हवं, त्याशिवाय दमडी नाही. नियम तोंडपाठ आहे मला, आणि खरं सांगू, मला तो आवडतो. इतका धड नियम हातात असताना त्याची अशी वाट लावतात, म्हणून तर डोकं जास्त फिरतं. अर्जदार कोण ते नाव घेत नाही. आमच्या पूर्वेकडच्या टेकड्यांतली एक जागा समजा.

मातीच्या प्रकरणात प्रत्येक वाटेचा रंग द्यायचा असतो. हिरवी म्हणजे ठीक, पिवळी म्हणजे डागडुजी हवी, लाल म्हणजे गंभीर. यांच्या तक्त्यात हिरवंगार रान. ज्या वाटेवर मी स्वतः गुडघाभर घळ बघितली, आत उभी राहून बघितली, तीही हिरवी. पुरावा म्हणून फोटो. फोटोत वाट, कुंपणाचा खांब, खांबावर कावळा. छान. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी गेल्या वर्षीचा अर्ज काढून शेजारी लावला. तीच वाट, तोच खांब, तोच कावळा. मान त्याच बाजूला. सावलीसुद्धा तेवढीच लांब. मध्ये अख्खा ओला हिवाळा होऊन गेला, रस्ते खचले, दरडी आल्या, लोकांची तळघरं भरली, आणि हा कावळा जागचा हलला नाही.

नवरा म्हणाला, त्याला जागा आवडली असेल.

मी हे सगळं पान क्रमांकांसकट कळवलं. त्यावर उत्तर काय, तर प्रातिनिधिक. ठीक आहे. मग पुढच्या वेळी डीएमव्हीला, म्हणजे गाडीचं लायसन देणाऱ्या खात्याला, मीही माझा पंचविशीतला फोटो देते. प्रातिनिधिक आहे म्हणते. दातांच्या डॉक्टरकडे मुलाचा जुना एक्स-रे नेते. चालेल ना? जमिनीचा फोटो कशासाठी मागितलाय हे तरी कळतं का या लोकांना? पावसानं काय केलं ते बघायला. आणि हे पावसाच्या आधीचा फोटो डकवून मोकळे.

आणि एचओए, आमच्या वसाहतीची घरमालक संघटना! गेल्या हिवाळ्यात आमच्या पुढच्या वाफ्यातली माती वाहून फुटपाथवर आली. बादलीभर असेल नसेल. तिसऱ्या दिवशी पत्र. ‘आपल्या आवारातील मातीची धूप सार्वजनिक पदपथावर येत आहे.’ सोबत फोटो. त्यावर तारीख होती, वेळ होती, कोपऱ्यात घर क्रमांक होता. कावळा नव्हता. म्हणजे या राज्यात मातीवर लक्ष ठेवता येतं. फक्त ती माती माझ्या कढीपत्त्याखालची असावी लागते.

अधिवासाच्या प्रकरणाचं तर बोलायलाच नको, पण बोलते. परिच्छेदच्या परिच्छेद मागच्या वर्षीचे. तेच चुकीचं स्पेलिंग, तोच विसरलेला पूर्णविराम. ‘टायगर सॅलमँडर आढळण्याची शक्यता असून निरीक्षण चालू राहील.’ मागच्या वर्षीही ते चालू राहणारच होतं. मग दिसलं काय? एक? अर्धा? अहो, तो पालीसारखा दिसणारा उभयचर प्राणी वर्षाचा बहुतेक काळ जमिनीखाली, खारींच्या बिळांत काढतो. हिवाळ्यात जोराच्या पावसाच्या रात्री बाहेर पडतो आणि तळ्याकडे चालत सुटतो. त्याला तुम्ही दुपारी दोन वाजता ट्रकच्या काचेतून शोधणार. आणि बीळच चाकाखाली दबलं तर मग निरीक्षणाचा प्रश्नच मिटला. लाल पायांच्या बेडकाचीही तीच कथा. २०१४ साली त्याला राज्याचा अधिकृत उभयचर केला, मिरवला, आणि आता त्याचे ओढ्यातले डोह गाळानं भरत चाललेत. अर्जात त्याच्यासाठी एक चौकोन आहे. चौकोनात बरोबरची खूण आहे. झालं संरक्षण.

मातीचा नियम काय सांगतो? १९९१ पासून आहे, नंतर सुधारलाही. पुन्हा सावरता येणार नाही इतकी माती जाऊ द्यायची नाही, आणि हद्दीबाहेर गाळ जाऊन नुकसान होऊ द्यायचं नाही. सुंदर. फक्त सावरता येईल की नाही हे ठरवायचं कोणी? ज्याला पैसे हवेत त्यानंच. मोहावीच्या वाळवंटात १९४२ साली अमेरिकी सैन्याच्या जनरल पॅटननं रणगाड्यांचा सराव सुरू केला, दोन वर्षांत तळ बंदही झाला. त्या रणगाड्यांचे माग अजून दिसतात. ऐंशी वर्षं झाली! तिथल्या मातीवर जी जिवंत साय असते, शेवाळाची, दगडफुलाची, ती एकदा फुटली की परत धरायला कित्येक दशकं जातात. आणि यांच्या तक्त्यात ‘अपेक्षित पुनरुज्जीवन’ पुढच्या ग्रँटच्या आत. पेंढा पसरला की गवत, गवत आलं की हिरवा रंग, हिरवा रंग दिला की चेक.

पेंढ्यावरून आठवलं. मोटारींनी उकरलेला उतार बंद करायचा, पेंढा घालायचा, आडवे बांध घालायचे, कुंपण, पाटी, यासाठी वेगळे पैसे असतात. कायद्यानं वाटपच ठरलंय: निम्मे पैसे गाडीवाटा चालवायला-राखायला, २५ टक्के असल्या दुरुस्तीला, २० टक्के बंदोबस्ताला, ५ टक्के शिकवणुकीला. मी असा एक दुरुस्त उतार बघून आले. पाटी जागेवर होती. कुंपणाची तार कापून नीट गुंडाळून बाजूला ठेवलेली, कोणाला लागू नये म्हणून असेल, संस्कारी माणूस. आणि पेंढ्यातून सरळ माथ्यापर्यंत ताजी चाकोरी. या वर्षीच्या अर्जात त्याच उताराच्या दुरुस्तीला पुन्हा पैसे मागितलेत. ‘सलग यशस्वी प्रकल्प’ म्हणून.

आणि हे पैसे कोणाचे, तर त्यात मी आहे, तुम्ही आहात. गॅसवरच्या, म्हणजे इथल्या पेट्रोलवरच्या, करातला वाटा जातो या फंडात. मी प्रियसमध्ये गॅस भरते, तोही धरून. पण हे आपल्या मंडळातल्या पोराला सांगायला जावं तर काय ऐकावं लागलं! गणपतीच्या जेवणात ताट घेऊन शेजारी बसला. नवी साइड-बाय-साइड घेतलीय, म्हणजे शेजारी-शेजारी बसायची रानगाडी, ट्रेलरसकट. व्हिडिओ दाखवत होता, टेकडीवर सरळ रेषेत चढतोय, मागे धुळीचा लोट. मी म्हटलं, अरे, तिथे वाट नाहीये. तर म्हणतो, “अहो काकू, माती आहे ती. पावसात परत येते.”

पावसात जाते रे राजा. पावसात जाते! यांत्रिकी अभियंता आहे हा. वरून, “आम्ही गाडीच्या नोंदणीच्या स्टिकरचे पैसे भरतो, आमच्याच पैशांवर त्या जागा चालतात.” यातलं अर्धं खरं आहे, म्हणून जास्त राग आला. या गाड्यांसाठीच्या राज्याच्या १९७१ च्या कायद्यामागचा विचार शहाणपणाचाच होता: हौस आहे ना, मग तिला ठरलेल्या जागा द्या, तिथली माती सांभाळा, म्हणजे सगळं रान नांगरलं जाणार नाही. आखलेल्या वाटेवरून नीट चालवणाऱ्यांशी माझं भांडणच नाही, त्यांतले कित्येक स्वतः फावडी घेऊन बांध घालायला येतात. माझं भांडण त्या सरळ रेषेशी आहे, आणि तिला हिरवा रंग देणाऱ्याशी. हे सगळं मी त्याला सांगितलं. मोदक गार झाला. त्याची बायको मध्येच येऊन “वर्षाव सुरू झाला वाटतं” म्हणून त्याला घेऊन गेली. आणि काकू कोणाला म्हणतो? चाळिशीला आलाय स्वतः.

साताऱ्याला गेले तर सुटका असेल म्हणावं, तर तिथे सड्यावर थार चढवून रील काढणारे. फुलांवर चाक, वर ढोलकीचा ट्रॅक. जाऊ दे. तिथलं काढलं तर इथलं राहील.

आमचे बाबा साताऱ्याहून वर्तमानपत्राला पत्रं पाठवायचे. ‘शाहूपुरीतील गटाराबाबत.’ छापून आलं की कात्रण काढून फाइलला. आम्ही पोरं फिदीफिदी हसायचो. आज माझ्या लॅपटॉपवर एक फोल्डर आहे, त्यात वर्षवार उपफोल्डर आहेत, आणि त्यांत एका कावळ्याचे मोठे केलेले दोन फोटो आहेत. रात्री अकरा वाजता मी त्या कावळ्याची पिसं मोजत बसले होते. मुलगा पाणी प्यायला आला, स्क्रीनकडे बघितलं, काही न बोलता गेला. बाबांना निदान गटार तरी मिळालं होतं.

या ग्रँटांच्या बैठकीत झूमवर बोलायला तीन मिनिटं मिळाली, त्यातली बरीच आडनावाचं स्पेलिंग सांगण्यात गेली. माझ्याआधी एक गृहस्थ बोलले, त्यांनी ओळखच ‘तिसऱ्या पिढीचा रायडर’ अशी करून दिली आणि सगळ्यांचे चेहरे फुलले. मी काय सांगू? पहिल्या पिढीची कटकटी? निक्सननं, होय, त्याच निक्सननं, १९७२ साली आदेश काढला होता की केंद्राच्या जमिनींवर या वाटा आखताना माती, झाडोरा आणि प्राण्यांना कमीत कमी त्रास होईल अशा आखा. निक्सनला कळलेली गोष्ट सांगायला तीन मिनिटं पुरू नयेत?

कोणी म्हणेल, चिकाटी ठेवा. ठेवलीय. ओशियानो ड्यून्सला, समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांत जिथे गाड्या चालवतात तिथे, स्नोई प्लोव्हर हा छोटा पक्षी वाळूत नुसता खळगा करून अंडी घालतो, आणि त्याची पिल्लं वाऱ्याला आडोसा म्हणून चाकांच्या चाकोरीतच दबून बसतात. तिथे निदान विणीच्या हंगामात कुंपण घालतात, अभ्यासक घरटी मोजतात. किनाऱ्यावर देखरेख करणाऱ्या कोस्टल कमिशननं २०२१ मध्ये तीन वर्षांत गाड्या बंद करायचं ठरवलं, आम्ही पेढे वाटले. २०२३ मध्ये कोर्टानं ते रद्द केलं. पेढे परत कसे मागणार? लिव्हरमोरजवळची टेस्ला नावाची जमीन मात्र वाचली. जुन्या कोळशाच्या खाणीची ती, टेस्ला मोटारकंपनीशी संबंध नाही. सुमारे ३,१०० एकर, याच फंडातून गाड्यांसाठी घेतलेली, वीसेक वर्षं भांडून २०२१ साली एकदाची गाड्यांच्या यादीतून निघाली. भांडणारे तरुण होते तेव्हा सुरू झालं होतं ते.

मी मागते काय? पहिला मोठा पाऊस झाला की आठवड्याच्या आत फोटो. त्यावर तारीख. आणि काढणारा असा हवा की ज्याचा पगार त्याच ग्रँटमधून निघत नाही. माझ्या चार पानांतलं शेवटचं पान एवढंच होतं. त्याला उत्तर आहे, तेही त्या तळमळीवाल्या पत्रात अगदी तळाशी: सध्याच्या अंदाजपत्रकात अतिरिक्त निरीक्षणासाठी तरतूद नाही.

बरं. मग मी अंदाजपत्रक उघडलं. यंत्रसामग्रीच्या रकान्यात दोन नव्या साइड-बाय-साइड आहेत, छत, विंच, एलईडी दिवे यांसकट. प्रयोजन: निरीक्षण. रंगही लिहिलाय. हिरवा.