ताई, तुम्ही जेवलात का?

गेल्या महिन्यात नवी मुंबईतल्या दिघ्याच्या एका वस्तीत होम व्हिजिटला गेले होते. दुपारचे साडेतीन वाजले असतील. समोर एक बाई, मांडीवर लहान पोर झोपलेलं, आणि ती सांगतीये की परवा रात्री नवरा पिऊन आला, आधी तिला मारलं, मग मोठी मुलगी मध्ये पडली तर तिलाही. मी लिहितीये. मध्येच लक्षात आलं की ती बोलायची थांबलीये. कधीची थांबलीये ते मला कळलंच नव्हतं, मी फॉर्मचा पुढचा रकाना बघत बसले होते. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ताई, तुम्ही जेवलात का?"

जेवले नव्हते. पण खरं सांगते, तो प्रश्न मला आजपर्यंत टोचतोय. चौदा वर्षं मी हे समाजकार्याचं काम करतीये, आणि जिचं ऐकायला म्हणून गेले तिलाच माझी काळजी वाटावी असा माझा चेहरा झाला होता. तिने उठून स्टोव्हवर चहा टाकला, कपाची दांडी तुटलेली होती म्हणून बशीत कप ठेवून दिला, भाजेल म्हणाली. मी चहा प्यायले, फॉर्म भरला, रिपोर्ट वेळेत गेला. आणि दिघा गाव स्टेशनवरून ठाण्याची ट्रेन पकडली तेव्हा मला रडूपण येईना. त्याची मला जास्त भीती वाटली.

(ओळख कळू नये म्हणून बाईबद्दलचे तपशील बदललेत.)

घरी आईला सांगितलं. आई मुरबाडकडची, शिकलेली चौथीपर्यंत. ती म्हणाली, "तुझी माया आटलीये गं. गाय आटते ना, तशी. मग तिला मारून दूध येतं का? चारापाणी बघायला लागतं." आम्हाला एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या एमएला, कम्पॅशन फटीग (माया करून करून येणारा थकवा) हा शब्द शिकवला होता, दहा मार्कांची टीप लिहिली होती मी त्यावर. आईएवढं नीट मला तेव्हाही समजलं नव्हतं.

बर्नआऊट, म्हणजे कामाने पार थकून कोरडं पडणं, हा शब्द आता सगळीकडे ऐकू येतो, माझा भाऊ ऐरोलीला आयटीत आहे, त्यांच्याकडे तर त्यावर मेल येतात. त्याचं काम सोपं आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण हा शब्द आला कुठून ते आपल्या लोकांना माहीत असायला हवं. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर नावाचे मानसशास्त्रज्ञ न्यूयॉर्कमध्ये दिवसा स्वतःची प्रॅक्टिस करून नंतर रात्री उशिरापर्यंत एका मोफत दवाखान्यात काम करायचे, नशेत अडकलेली मुलं यायची तिथे. तिथले मन लावून काम करणारे कार्यकर्ते एकेक करून कोरडे पडत चाललेत, चिडचिडे होतायत, हे त्यांनी पाहिलं, स्वतःलाही ते भोगलं, आणि १९७४ मध्ये त्यावर लिहिलं. म्हणजे हा शब्द आधी आपल्यासारख्यांच्याच थकण्याला दिलेला आहे. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी १९८१ मध्ये ते मोजायची प्रश्नावली काढली. त्यांनी तीन गोष्टी धरल्या होत्या. आतून पार रिकामं होणं, समोरचा माणूस माणूस न वाटता नुसती केस वाटायला लागणं आणि आपण करतोय त्याचा काहीच उपयोग नाही असं वाटणं. मी ते वाचून लॅपटॉप बंद केला होता. तिन्ही माझ्यात होत्या.

आणि कम्पॅशन फटीग त्याहून थोडं वेगळं. बर्नआऊट कामाच्या ओझ्याने येतो, हळूहळू, केसेस जास्त, माणसं कमी, मानधन तीन महिने अडकलेलं, एमआयएसमध्ये, म्हणजे नोंदींच्या सिस्टिममध्ये, तोच डेटा चार ठिकाणी भरा. हे दुसरं मात्र दुसऱ्याचं दुःख रोज ऐकून ऐकून अंगात शिरतं, आणि कधीकधी एका केसनेही येतं. माझ्या बाबतीत ते असं दिसलं की मी भाचीला शेजारच्या काकांकडे पाठवायची बंद झाले. वीस वर्षांची ओळख, देवमाणूस, पण पोक्सोच्या, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, केसेस करून करून माझ्या डोक्यात प्रत्येक काका, प्रत्येक मामा, क्लासचा सर, सगळेच. ट्रेनमध्ये कुणी बाप आपल्या मुलीला मांडीवर घेऊन बसलेला दिसला तरी मी त्याचे हात बघायला लागले. वहिनी एकदा म्हणाली, ताई तुम्ही आम्हाला सगळ्यांना घाबरवून टाकलंय. तिचं बरोबर होतं. अनोळखी नंबर दिसला की फोन उलटा ठेवायचा, हेसुद्धा तेव्हाच सुरू झालं, आणि ज्या बाईला रात्री अकराला माझी गरज पडू शकते ती अनोळखी नंबरवरूनच फोन करणार हे मला माहीत असूनही.

हे मी एकटीचं सांगत नाहीये. माझी एक मैत्रीण नवी मुंबईत एचआयव्ही तपासणी केंद्रात समुपदेशक आहे, कंत्राटावर. रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय हे नवऱ्याला सांगायचं, मग बायकोला बोलवायला लावायचं, मग तिला सांगायचं, आणि दाराबाहेर पुढचा नंबर उभा. दुसरी नर्स आहे, कोविडमध्ये वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरला ड्युटी होती तिची, ती अजून त्या बाजूने जायचं टाळते. आशाताई तर विचारूच नका, त्या त्याच वस्तीत राहतात, त्यांना ड्युटी संपवून घरी जाणं हा प्रकारच नाही, घराच्या दारात येऊन लोक बसतात.

आणि आपल्याकडे सगळ्यात घातक काय असेल तर कौतुक. लग्नाकार्यात कुणी ना कुणी भेटतंच, "बाई गं, किती पुण्याचं काम करतेस, मला तर नसतं जमलं." माणसं मनापासून बोलतात, मला राग नाही येत त्यांचा. पण एकदा तुम्हाला पुण्यवान ठरवलं की थकायची परवानगी काढून घेतली जाते. पगार मागितला तर "समाजसेवा करता ना तुम्ही?" सुट्टी मागितली तर "त्या बाईचं काय होणार मग?" अहो, मुंबईत समाजकार्याचं रीतसर शिक्षण १९३६ पासून चालू आहे, सर दोराबजी टाटांच्या नावाने जी शाळा सुरू झाली तीच आजची टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. ऐंशीच्या वर वर्षं झाली, हा पेशा आहे, नोकरी आहे, आणि नोकरी करणाऱ्याला मर्यादा असतात, हे घरच्यांना तर जाऊ दे, आमच्याच संस्थांना पटत नाही.

आधीच्या एका नोकरीत, नाव नाही घेत, आमच्यासाठी स्ट्रेस मॅनेजमेंटचं वर्कशॉप ठेवलं होतं. शनिवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी. डोळे मिटून श्वास घ्या, रंग भरा, स्वतःवर प्रेम करा, रोज दहा मिनिटं स्वतःला द्या. शिकवणाऱ्या मॅडम चांगल्या होत्या. पण सोमवारी माझ्या नावावर त्याच चौसष्ट केसेस होत्या आणि सोडून गेलेल्या मुलीच्या अजून वीस माझ्याकडे आल्या. म्हणजे थकवा आला तर तू श्वास नीट घेतला नाहीस, चूक तुझीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआऊटबद्दल स्पष्ट सांगितलंय की हा आजार म्हणून धरलेला नाही, कामाच्या ठिकाणचा सततचा ताण नीट हाताळला गेला नाही की त्यातून ही स्थिती येते. कामाच्या ठिकाणचा! मग उपाय माझ्या योगा मॅटवर का शोधताय?

मला जे कळलंय ते एवढंच की ऐकणाऱ्याचं ऐकणारं कुणीतरी लागतं, आणि ते पगारी वेळेत, प्रोजेक्टच्या बजेटमध्ये धरलेलं लागतं. याला सुपरविजन म्हणतात. आमच्याकडे सुपरविजन म्हणजे काय, तर टार्गेट किती झालं, फोटो टाकले का ग्रुपवर, क्वार्टरली रिपोर्ट कधी देतेस. कॉलेजात असताना फिल्डवर्कच्या आयसी, म्हणजे एकेकीशी वेगळ्या बैठका, व्हायच्या, दर आठवड्याला मॅडमसमोर बसायचं, काय पाहिलंस, तुला काय वाटलं, का वाटलं. पदवी हातात आली आणि ते बंद झालं, नेमकं जेव्हा खऱ्या केसेस सुरू झाल्या तेव्हा. फंडरशी बोलताना हे कुणी मागतच नाही, कारण ते प्रशासकीय खर्चात जाईल ही भीती. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये बदल होऊन ती मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, तेव्हापासून तर संस्था भाडं आणि अकाउंटंट यातच अडकलेल्या असतात, मला त्यांची अडचण कळते. तरी मागा. महिन्यातून दोन तास, बाहेरची अनुभवी व्यक्ती, आणि एका माणसाकडे किती केसेस याला काहीतरी आकडा. माणूस सोडून गेल्यावर नवीन शिकवायला जो खर्च होतो तो कुठल्या हेडखाली टाकता?

टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आपण वस्तीत सगळ्यांना लिहून देतो. त्या चहानंतर चार दिवसांनी मी स्वतः लावला. मराठीत बोलले, वीसेक मिनिटं. पलीकडची मुलगी वयाने लहान वाटली, मला दोनदा वाटलं की हिलाच विचारावं तुझं कोण ऐकतं गं. पण नाही विचारलं, त्या दिवशी बोलायची पाळी माझी होती.

त्यानंतर आम्ही पाच जणींनी मिळून आमच्या कॉलेजच्या रिटायर्ड मॅडमना गाठलं. त्या आता वागळे इस्टेटच्या बाजूला राहतात, गुडघे दुखतात म्हणून आम्हीच त्यांच्याकडे जातो. पहिल्या दिवशी मी सवयीने केस सांगायला सुरुवात केली, वय, पत्ता, हिस्ट्री. त्यांनी थांबवलं. म्हणाल्या, "केस मला कळली. तिचं सांगताना तू पदर का चुरगाळतीयेस ते सांग." मी पाऊण तास रडले. बाकीच्या चौघी गप्प बसून होत्या, कुणी पाणी आणायलासुद्धा उठलं नाही, मॅडमनी खुणेने बसवून ठेवलं होतं त्यांना. मग एकेक जण बोलली.

सगळं ठीक झालंय असं नाही. भाची मागच्या रविवारी शेजारच्या काकांकडे कॅरम खेळायला गेली, मी खिडकीतून तीनदा बघितलं, पण जाऊ दिलं. दिघ्याच्या ताईंचा फॉलोअप बुधवारी आहे, त्या दिवशी दुसरी व्हिजिट ठेवलेली नाही.

ठाणे, कळवा, ऐरोली, घणसोली, तुर्भे या भागात कुणी समुपदेशक, नर्स, आशाताई, अंगणवाडीताई, फिल्डवर काम करणारे दादा असतील आणि यायचं असेल तर इनबॉक्समध्ये मेसेज करा, दर दुसऱ्या शनिवारी अकरा वाजता भेटतो. फी नाही. डबा घेऊन या, एक वाजता एकत्र जेवतो.