‘नकली’ विषाणूची अस्सल चाचणी

‘एचआयव्ही कधीच वेगळा केला गेलेला नाही, प्रयोगशाळेत नकली विषाणू पेशीत शिरताना दाखवतात आणि एड्स गोळ्यांनीच होतो’ असे सांगणारा आणि शेवटी काढ्याच्या मागणीसाठी फोन क्रमांक देणारा संदेश बरेच दिवस फिरतो आहे. मी तो न वाचता पुसत असे. परवा मात्र तो माझ्या मावसभावाने पाठवला आणि खाली लिहिले, ‘दादा, तीन दिवस गोळी घेतलेली नाही.’

पहिल्या मुद्द्यावर शब्द खर्चण्याची इच्छा नाही. 1983 मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एका रुग्णाच्या लसीकाग्रंथीतून हा विषाणू वेगळा करण्यात आला आणि 2008 मध्ये त्या कामाला नोबेल मिळाले.

‘नकली’ हा शब्द ‘स्यूडोव्हायरस’ म्हणजे चाचणीसाठी प्रयोगशाळेत घडवलेल्या विषाणूसदृश कणावरून उचललेला दिसतो. तो बनवताना डीएनएची दोन वर्तुळे पेशींत सोडतात: एकात एचआयव्हीची जनुके असतात, पण आवरणाचे जनुक निकामी केलेले असते, दुसऱ्यात केवळ आवरणाचे जनुक, बहुधा रुग्णाच्या विषाणूतून घेतलेले. तयार होणारा कण पेशीत एकदा शिरू शकतो, मात्र पुढे संसर्ग पसरवू शकत नाही. म्हणजे ज्याची परीक्षा घ्यायची ते आवरण अस्सल असते आणि काढून टाकलेला असतो तो धोका. हे कण ज्या ‘टीझेडएम-बीएल’ पेशींवर घालतात, त्यांत काजव्याच्या प्रकाशाचे जनुक बसवलेले असते आणि विषाणू आत शिरून त्याचे ‘टॅट’ प्रथिन तयार झाले की ते चालू होते. दोन दिवसांनी प्रकाश मोजतात; चाचणीच्या ताटलीतील विषाणू न घातलेल्या खळग्यांत तो जवळपास नसतोच.

नाइलाजाने एक गोष्ट मान्य करतो: या पेशी कर्करोगाच्या हेला पेशींपासून घडवलेल्या आहेत, त्यामुळे त्यांच्यावरचा निष्कर्ष रुग्णाच्या टी-पेशींना, म्हणजे एचआयव्ही ज्यांत शिरतो त्या रोगप्रतिकारक पेशींना, जसाच्या तसा लावता येत नाही.

पण सारे रचलेले असते, तर उंदराच्या पेशींनी घातलेला घोळ कोणी दहा वर्षे उघडा ठेवला असता का? विषाणू ज्याला चिकटतो ते पेशीवरील सीडी4 हे प्रथिन झाकणारे प्रतिपिंड घातले की संसर्ग थांबतो, हे 1984 मध्येच दिसले होते. तरीही मानवी सीडी4 बसवलेल्या उंदराच्या पेशीला विषाणू चिकटे आणि बाहेरच राही. अखेर 1996 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत एडवर्ड बर्जर यांच्या गटाने अशा पेशींत मानवी जनुकांचा संग्रह सोडला, त्या एचआयव्हीचे आवरण धारण करणाऱ्या पेशींत मिसळल्या, आणि ज्या एकमेकींत विलीन होऊन त्याची खूण म्हणून निळ्या झाल्या त्यांच्यातले जनुक शोधून काढले. तेच सीएक्ससीआर4, सीडी4 सोबत विषाणूला आत शिरायला लागणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाचे जनुक. काही आठवड्यांतच तसेच दुसरे प्रथिन, सीसीआर5, सापडले. आईवडील दोघांकडूनही त्याचे तुटके जनुक मिळालेल्या माणसांना बहुतेक वेळा संसर्ग होत नाही, हेही त्याच वर्षी उघड झाले. सीसीआर5 अडवणारे मॅराव्हिरॉक हे औषध 2007 पासून वापरात आहे.

राहिल्या गोळ्या. सुरुवातीच्या काळात एझेडटी या एचआयव्हीवरच्या पहिल्या औषधाच्या मोठ्या मात्रांनी रुग्णांचे रक्त कमी होई, हे खरे. परंतु दक्षिण आफ्रिकेत तेव्हाचे अध्यक्ष थाबो म्बेकी यांच्या सरकारने याच शंकांपायी औषधे रोखून धरली, आणि हार्वर्डच्या 2008 च्या अभ्यासानुसार 2000 ते 2005 या काळात त्यापायी 3 लाख 30 हजारांहून अधिक जीव गेले.

मावसभावाच्या मागच्या व्हायरल लोड (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) अहवालात ‘विषाणू आढळला नाही’ असे आहे, ते याच गोळ्यांमुळे. काल रात्री त्याने गोळी घेतली. चुकलेल्या तीन दिवसांबद्दल सोमवारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधे मिळतात तिथे, स्वतः सांगेन म्हणाला आहे.